अरविंदाच्या नावाचे पोहे

आज पहाटे उखळात मुसळाचा पहिला घाव पडला आणि मला कळलं, दिवाळी आली. कॅलेंडर पाहून ती येत नाही, निदान आमच्या खरवईत तरी नाही. हळवं, लवकर पिकणारं भात कापून खळ्यात आलं की आई त्यातलं थोडं रात्रभर पाण्यात भिजत घालते, सकाळी निथळून खापरात भाजते आणि दाणा गरम आहे तोवर कांडून घेते. त्या भाजलेल्या भाताला एक वास असतो. धूर, थोडा गोडवा, ओलं सूप, आणि दारातून येणारा कापलेल्या शेताचा वास, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. मुंबईत मामाच्या खोलीत मी हा वास आठवून पाहतो, पण तो तिथे येत नाही.

मी ओटीवर वनस्पतिशास्त्राचं पुस्तक उघडून बसलो आहे. आई समोर सुपात पोहे पाखडते आहे. तिनं दोन ढीग केले आहेत. मोठा ढीग घरचा. लहान ढिगातला एकेक पोहा ती बोटानं सारून बघते, तूस काढते, खडा काढते. या वर्षी तिचा उजवा खांदा दुखतो, तरीही त्या लहान ढिगाला तिनं मोठ्यापेक्षा जास्त वेळ दिला आहे.

"तो कुणाचा?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

"अरविंदाचा," ती म्हणाली. "त्यात खडा नको."

तीन वर्षं झाली, अरविंदला आमच्या घरचा एक पोहाही मिळालेला नाही. दर सुटीनंतर आईनं त्याच्या नावानं बांधून दिलेली पुरचुंडी मी स्वतः खाल्ली आहे, आणि पुढच्या सुटीत "त्याला फार आवडले" असं तिला सांगितलं आहे. आज तिला खरं सांगायचं असं मी ठरवलं आहे. सकाळपासून पुस्तकाचं पान मात्र एकच उघडं आहे. हे नीट सांगता येईल की नाही, मला ठाऊक नाही. सुरुवात कुठून करायची तेवढं ठाऊक आहे. सुरुवात बदामांपासून करायला हवी.

अरविंद आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला एका बाकावर बसत होतो. तो अंबरनाथचा, कॉलेजच्या होस्टेलात राहणारा. त्याचे वडील तिथल्या एका कारखान्यात साहेब होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नव्हतं, आणि म्हणून मी वर्गात फार सावध असे. प्राध्यापकांचं इंग्रजी मला अर्धं कळे. उरलेलं अर्धं अरविंद त्याच्या वहीतून मला देई. त्याचं अक्षर सुबक होतं, रुमाल पांढरा होता, आणि गणित त्याला असं सुटे, की जणू ते आधीच सुटलेलं होतं आणि त्यानं फक्त वरचा कागद बाजूला केला. दिवाळीच्या सुटीआधीच्या परीक्षेत तो वर्गात दुसरा आला. मी पदार्थविज्ञानात नापास झालो.

सुटी लागली त्या दिवशी आम्ही बरोबर निघालो आणि त्यानं मला अंबरनाथला त्यांच्या घरी नेलं. कारखान्याच्या वसाहतीतलं घर, पुढे तगरीची झाडं, आत टेबल. त्याच्या आईला मी काकू म्हणू लागलो. काकूंनी बशीत भिजवलेले सात बदाम आणले, आमच्यासमोर बसून एकेकाची साल काढली आणि पांढरेशुभ्र बदाम अरविंदच्या हातावर ठेवले. मग मलाही सात दिले. मी ते एकदम तोंडात टाकले आणि मग लक्षात आलं, की अरविंद एकेक सावकाश चावतो आहे.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक तक्ता होता. एका मासिकातल्या लेखावरून काकूंनी तो स्वतःच्या हातानं लिहिला होता: "सुटीतला आहार". त्यात तीन रकाने होते. पहिल्या रकान्यावर लिहिलं होतं, बुद्धीसाठी. त्याखाली बदाम, अक्रोड, दूध, अंडं. दुसऱ्यावर, आजार दूर ठेवण्यासाठी. त्यात संत्रं, मोरावळा, माशाच्या तेलाचा एक चमचा. तिसऱ्यावर, पोटासाठी. त्यात पपई, पालेभाजी, ताजं दही. आणि तळाशी लाल शाईनं: फराळ जेवणानंतरच, आणि दोनच जिन्नस.

"आमच्याकडे मी काय खायचं ते भिंत ठरवते," अरविंद हसून म्हणाला.

"भिंत ठरवते म्हणूनच उभा आहेस," काकू म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. अरविंदनं नंतर मला सांगितलं, त्याला एक थोरला भाऊ होता. एका दिवाळीत तो कुठेतरी बाहेरचं पाणी प्यायला, विषमज्वरानं आजारी पडला आणि गेला. त्यानंतर भिंतीवर तक्ता आला.

मी ते ऐकलं होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे मी केलं ते ऐकलेलं नसताना केलेलं नाही.

त्या संध्याकाळी तो सबंध तक्ता मी माझ्या वहीत उतरवून घेतला. मला वाटलं, गुपित सापडलं. म्हणजे मी मंद नव्हतो, अरविंद हुशार नव्हता; तो बदाम खात होता आणि मी पेज पीत होतो, एवढंच. खरवईपर्यंत येताना वाटेत माझा हेवा मला हेवा वाटलाच नाही, अन्याय वाटला. घरी पोचलो तर चुलीवर पेज रटरटत होती. शेजारी नाचणीच्या आंबिलीचं मडकं, फडकं बांधलेलं. शिंक्यात ताक. पाट्यावर सुकटीची चटणी. मी वही काढून पडताळून पाहिलं. आमच्या घरातली एकही वस्तू पहिल्या रकान्यात नव्हती.

माझं हे नवं नव्हतं, हेही सांगायला हवं. जूनमध्ये पहिल्यांदा मुंबईला जाताना आईनं तांदळाच्या भाकरी आणि चटणी बांधून दिली होती. ती पुरचुंडी मी खुंटीवर तशीच ठेवून निघून गेलो होतो. मुलं हसतील, वास येईल, असं वाटलं होतं.  आईनं पुन्हा माझ्यासाठी काही बांधलं नाही.

"आई, मला बदाम हवेत," मी त्या रात्री जेवताना म्हणालो. "डोक्यासाठी. भिजवून खातात."

"भिजवून," आईनं मनाशी धरलं.

आई तेव्हा, आणि आताही, कँपात भाजी विकायला जाते. उल्हासनगर हे नाव त्या वस्तीला पडून फार वर्षं झाली नव्हती. आमच्याकडे सगळे कँपच म्हणत. सिंधी बायका तिच्याकडून वालाच्या शेंगा, काकड्या, शेवग्याचा पाला घेत, पण त्यांना हवं असे ते भें. म्हणजे कमळाचे देठ. आम्ही जन्मात कधी ते खाल्ले नव्हते. गावाबाहेरच्या तळ्यात कमळं होती, ती फक्त देवाला वाहायची अशी आमची समजूत. पण एका सिंधी बाईनं, तिला सगळे देवीबाई म्हणत, आईला हातवारे करून समजावलं, आणि तेव्हापासून आई गुडघाभर पाण्यात उतरून देठ काढू लागली. देवीबाईचं सुक्या मेव्याचं लहानसं दुकान होतं. माझ्या मागणीनंतर दोन दिवसांनी आई भाऱ्याएवढे देठ घेऊन गेली.

"माई, आज इतनी भें? लगीन आहे काय घरात?" देवीबाईनं विचारलं म्हणे.

"पोर कॉलेजात हाय," आई म्हणाली. "त्याला बदाम पायजेत."

देवीबाईनं देठ ठेवून घेतले आणि आईच्या पदरात मूठ, दोन मुठी बदाम टाकले. आई ते पदराच्या गाठीत बांधून चालत घरी आली. मला दाखवले नाहीत. मला वाटलं, मिळालेच नाहीत. मी रुसून होतो.

नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळ झाली. तुळशीपाशी डाव्या अंगठ्याखाली कारीट फोडलं आणि आईनं त्यातली बी आमच्या जिभेला लावली, मला आणि धाकट्या बहिणीला, यमुनेला. ती कडू चव अशी असते की मागून येणारं काहीही गोड लागतं. पण त्या वर्षी माझ्या तोंडात ती कितीतरी वेळ राहिली. मनात आलं, अंबरनाथला आत्ता काकू बदाम सोलत असतील. कारीट कोणत्या रकान्यात बसतं, हेही मी शोधत होतो. कुठल्याच नाही.

दुपारी पानं वाढली. आईच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, सण असल्यासारखं, सणापेक्षाही थोडं जास्त. तिनं माझ्या ताटात पळीभर बिरडं वाढलं. खोबरं, आमसूल, गूळ, वर कोथिंबीर. मी घास घेतला. वाल नव्हते. दाताखाली काहीतरी चिवट, किंचित आंबूस लागलं.

"काय आहे हे?"

"बदाम," आई म्हणाली. "भिजवले. मग फडक्यात बांधून ठेवले. तीन दिवस झाले तरी मोड येईनात. म्हटलं, जुने दिले त्या बाईनं. मग तसेच सोलले."

तिनं बदामांचं बिरडं केलं होतं. भिजवायचं आणि सोलायचं म्हटल्यावर तिला जे येत होतं ते तिनं केलं होतं. वाल असेच करतात. तीन दिवस ती मोडांची वाट पाहत होती, माझ्यासाठी, मला न सांगता. आज मला हे सगळं दिसतं. त्या दुपारी मला दिसलं ते एवढंच, की माझी बुद्धी आमसुलाच्या रश्श्यात बुडाली आणि तीही घरातल्या चौघांत वाटली गेली.

"अडाणी ती अडाणीच," मी म्हणालो.

बाबा जेवत होते ते थांबले. यमुनेनं खाली पाहिलं. आई म्हणाली, "चव तरी बघ पुरती." मी ताट सारलं.

त्याच वेळी दारात सायकलची घंटी वाजली. अरविंद आला होता. माझ्या नापास विषयाची वही त्यानं सुटीपुरती मला द्यायची कबूल केली होती, ती द्यायला तो अंबरनाथहून सायकल मारत आला होता. त्याचा चेहरा उतरलेला दिसत होता. आईनं त्याला पाट मांडला, बिरडं वाढलं. त्यानं दोन घास खाल्ले.

"मावशी, हे छान आहे. आमच्याकडे बदामाचं असं कुणी करत नाही."

आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या घासाला त्याचा हात थांबला. आईनं ते टिपलं. "बाला, तुझा पोट बरा नाय," ती म्हणाली.

"चार दिवस झाले, मावशी. दूध घेतलं की जड, अंडं खाल्लं की जड. पण घरी सांगितलं तर आई घाबरते, आणि तक्त्यात आणखी एक ओळ वाढते."

आईनं ताट उचललं आणि वाडग्यात पेज आणली, वरचं निवळ पाणी जास्त, मीठ, लोणच्याची एक फोड. तो दोन वाडगे प्यायला. मग ओटीवर आडवा झाला आणि सूर्य कलेपर्यंत झोपला. जागा झाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर रंग होता. निघताना आईनं सांगितलं, "उद्या सकाळी ये. आंबील असंल."

तो आला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही आला. आंबील ताकात कालवून, वर भाजलेलं जिरं घालून आई त्याला देई. शेवग्याच्या पाल्याची भाजी, गरम भात, आवळ्याची चटणी. त्याला काय हवं हे तिला न विचारता कळे. कधी ती त्याला नुसतं ताक देई आणि म्हणे, "आज एवढाच." तो कुरकुर न करता मान डोलावी. दोघं चुलीपाशी बसून हसत. त्यानं तिला तक्त्याची गोष्ट सांगितली, तर ती म्हणाली, "मंग तुझ्या भिंतीला भूक लागते काय कवा?" तो हसून हसून पाटावरून घसरला.

मी ओटीवर पदार्थविज्ञान वाचत असे. वाचत नसे; ऐकत असे.

मत्सराबद्दल मी एवढंच सांगू शकतो, की तो जागा बदलतो. आठ दिवसांपूर्वी मला त्याच्या घरचे बदाम हवे होते. आता मला माझ्याच घरची पेज हवी होती, जी रोज माझ्या समोर होती आणि जी मी नको म्हणत होतो. पेजेच्या भांड्याच्या तळाला जी खरवड राहते ती लहानपणापासून माझी. आईनं ती खरवडून त्याच्या वाडग्यात घातली. तो माझ्या पाटावर बसे, कारण तोच चुलीजवळ होता. आणि ती त्याला बाला म्हणे. मी कॉलेजात गेल्यापासून तिनं मला बाला म्हणणं सोडलं होतं. गणपत म्हणे, जसं बाहेरचे म्हणतात. कदाचित तिला वाटत असेल, मला ते आवडत नाही. कदाचित मीच कधीतरी तसं म्हणालो असेन.

सहाव्या दिवशी वही परत करायचं निमित्त करून मी सकाळीच अंबरनाथला गेलो. अरविंद वाटेत भेटणार नाही अशा रस्त्यानं गेलो, हेही सांगतो.

काकू एकट्या होत्या. "अरे, तू इथे? अरविंद तर तुझ्याकडेच अभ्यासाला आला. रोज तुमचा एवढा अभ्यास चालतो, बरं वाटतं हो मला."

हो म्हणायचं होतं. फक्त हो.

"अभ्यास कमीच होतो, काकू," मी म्हणालो. "तो आमच्याकडे जेवतो. आमचं काय, खेड्यातलं. शिळी पेज, आंबील. पाणी विहिरीचं."

पेज ताजी असे. शिळी हा शब्द माझा. आणि पाण्याचं मी का सांगितलं, ते मला तेव्हाही माहीत होतं.

काकूंनी खुर्चीच्या पाठीला हात लावला. भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं, आणि मग बराच वेळ दाराकडे. मला चहा विचारायचं त्या विसरल्या. मी वही टेबलावर ठेवली. बाहेर आलो तेव्हा मला आनंद झाला होता. तो आनंद तळ्यापर्यंत टिकला. तळ्यात कुणीतरी वाकून देठ काढत होतं. ती आई नव्हती, पण मी तिथून पळत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी अरविंद आला नाही. आईनं मडक्यातली आंबील दुपारपर्यंत राखून ठेवली. "पोर आला नाय," ती म्हणाली. मग संध्याकाळी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिनं यमुनेला गावच्या वेशीपर्यंत पाहायला पाठवलं. मी म्हणालो, "त्याच्या घरी पाहुणे आले असतील." आईनं मडकं उघडलं, वास घेतला आणि आंबील वासराच्या पुढ्यात ओतली.

सुटी संपून मी निघालो तेव्हा तिनं पोह्यांची पहिली पुरचुंडी दिली. "अरविंदाला दे. होस्टेलात काय खात असंल."

ती मी घेतली, नाही कसं म्हणणार? कॉलेजात अरविंद माझ्याशी पूर्वीसारखाच बोलला. वही दिली, गणित सांगितलं. फक्त खरवईचं नाव त्यानं काढलं नाही, आणि न काढण्यातच त्यानं मला सगळं सांगून टाकलं. पुरचुंडी मामाच्या खोलीत तीन दिवस खुंटीवर लटकत होती. चौथ्या दिवशी सकाळी खानावळीतल्या रात्रीच्या जेवणानं माझं पोट बिघडलेलं होतं, भूकही होती. मी गाठ सोडली. कोरडेच, गुळाच्या खड्याबरोबर खाल्ले. ते फक्त अरविंदाचे होते म्हणून इतके गोड लागले की काय, मला सांगता येत नाही. माझ्यासाठी दिले असते तर मी जूनमधल्या भाकरीसारखे खुंटीवरच ठेवले असते.

मग दर सुटीला काही ना काही आलं. उन्हाळ्यात नाचणीचं भाजलेलं पीठ, ताकात कालवायला. पावसाळ्यात सुंठीच्या वड्या, "त्याला सर्दी होते ना". थंडीत मिठातले आवळे. सगळं अरविंदाच्या नावाचं, आणि सगळं मी खाल्लं. इंटरनंतर अरविंद पुण्याला इंजिनिअरिंगला गेला तेव्हा मला वाटलं, हे थांबेल. थांबलं नाही. "जाताना अंबरनाथला उतरून त्याच्या आईकडे देत जा," आई म्हणाली. मी हो म्हणालो आणि कधीही उतरलो नाही.

या तीन वर्षांत मला एकदाही ताप आला नाही. मामाच्या चाळीत खोकल्याची साथ आली तेव्हाही नाही. बुद्धीचं म्हणाल तर मी नापास होणं थांबलं, पण अरविंदाएवढे गुण मला कधीच पडले नाहीत. ते बदामांनी पडत होते की त्याचे त्यालाच, हे आता शोधत नाही. गेल्या महिन्यात प्रयोगशाळेत सरांनी दह्याच्या पाण्याचा एक थेंब काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. बारीक काड्या, लहान साखळ्या, हजारोंनी. सर म्हणाले, हे पोटाला उपकारक. बाकीची मुलं पुढे सरकली. मी डोळा लावून बसलो. मला फडकं बांधलेलं मडकं दिसत होतं, आणि त्याच्यापुढे पाटावर बसलेला दुसराच कुणीतरी.

हे सगळं वहीत इथवर लिहून झालं आणि मागच्या दारी यमुनेच्या मुसळाचा आवाज थांबला. मी पुस्तक मिटून आईपुढे जाऊन बसलो.

"आई, एक सांगायचं आहे."

"सांग."

"पोहे अरविंदला पोचत नाहीत. एकदाही पोचले नाहीत. मी खातो."

ती सूप हलवत राहिली. तूस उडून बाजूला पडत होतं. "ठावं हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

मग तिनं सांगितलं, थांबत थांबत, पोहे निवडता निवडता. त्याच वर्षी माघात काकू कँपात आल्या होत्या. देठ विकणारी खरवईची बाई कोण, असं विचारत विचारत तिच्या टोपलीपाशी पोचल्या. अरविंद होस्टेलात आजारी पडून घरी आला होता. पोटात काही ठरत नव्हतं आणि तो एकच सांगत होता, खरवईची आंबील. काकू लाल डोळ्यांनी उभ्या होत्या. आईनं त्यांना तिथेच, भाजीच्या टोपलीमागे बसवून, पीठ किती, ताक किती, पाणी उकळून कसं घ्यायचं ते सांगितलं. तेव्हापासून त्या महिन्या-दोन महिन्यांनी नाचणी घ्यायला येतात. अरविंदाचं बरं आहे. कालच बाजारात भेटल्या होत्या. पुरचुंडी त्याला पोचत नाही, हेही त्यांच्याच बोलण्यातून पहिल्या वर्षीच कळलं होतं.

"तक्त्यात लिवलंय म्हणे त्यांनी आता," आई म्हणाली. "तिसऱ्या रांगेत."

"त्या माझ्याबद्दल काही बोलल्या?"

"बोलल्या. म्हणाल्या, तुमचा गणपत सांगत होता, शिळा असते सगळा. मी म्हटला, व्हय बाई, आंबील रातचीच असते. पोरगा खोटा नाय बोलला."

मी खाली पाहिलं. जमिनीवर सांडलेले चार पोहे मी बोटानं एकत्र केले, पुन्हा पसरले.

"मग तुला सगळं माहीत होतं, तर त्याच्या नावानं मला कशाला देत होतीस?"

आईनं पहिल्यांदा सूप खाली ठेवलं. "तुझ्या नावानं दिला असता तर नेला असतास काय, बाला?"

चुलीतलं लाकूड सरकलं म्हणून ती उठून आत गेली. आतून तिनं दोन फडकी आणली. लहान ढीग तिनं दोन भागांत केला आणि दोन पुरचुंड्या बांधल्या. एक माझ्यापुढे सरकवली. "ही तुझी." दुसरी तिच्यावर ठेवली. "ही त्याची. पुण्याहून आलाय तो, काल बाजारात त्याची आई सांगत होती. ही पोचव."

यमुना हसू दाबत माझी सायकल पुसते आहे. तिलाही माहीत होतं की काय, कोण जाणे. तळ्यावरून अंबरनाथला जायला ऊन चढायच्या आत निघालं पाहिजे. तिथे दारात कोण असेल, काकू की अरविंद, आणि मी पहिलं वाक्य काय बोलेन, याची तयारी मी करत नाही. तयारी केली तर मी पुन्हा काहीतरी शहाणपणाचं बोलेन.

निघण्यापूर्वी आई आत आहे असं पाहून मी दोन्ही पुरचुंड्या दोन हातांत घेतल्या आणि तोलून पाहिल्या. त्याची थोडी जड आहे. मी पुन्हा तोलली, हात बदलून. तरीही त्याचीच.

माझी मी खुंटीवर ठेवली नाही. पिशवीत घातली, आणि त्याची हँडलला बांधली, डोळ्यांसमोर राहील अशी.